बिडी ‘कमी केली’ म्हणजे सोडली नव्हे

आपल्या वस्त्यांमधल्या व्यसनमुक्तीच्या बैठकांत एक वाद हमखास निघतो. एक बाजू म्हणते, बिडी-सिगारेट सोडायची तर एका झटक्यात सोडा, उगाच लांबण नको. दुसरी बाजू म्हणते, वीस वर्षांची सवय एका दिवसात जात नसते, रोज एक-दोन कमी करत आणू. तासभर चर्चा होते, चहा होतो आणि बाहेर पडल्यावर दोन्ही बाजूंचे काही जण एकाच टपरीवर उभे दिसतात. हसून सोडून द्यावे असे हे नाही. चळवळीत उमेदीची वर्षे घातलेली माणसे पन्नाशी-पंचावन्नीत छातीच्या नाहीतर हृदयाच्या आजाराने जातात. अभिवादन सभेत त्यांच्या कार्याचा गौरव होतो, पण मृत्यूच्या कारणावर कोणी बोलत नाही.

माझी भूमिका सुरुवातीलाच मांडते. तारीख ठरवून त्या दिवशी पूर्ण बंद करणे, हा आपल्या लोकांसाठी जास्त भरवशाचा मार्ग आहे. कमी करत जाणेही चालेल, पण त्याच्या शेवटी शून्याची तारीख लिहिलेली असेल तरच. आणि मार्ग कोणताही धरला तरी माणसाला एकटे सोडले, तर तो बहुधा टपरीवर परत येतो.

या वादावर प्रत्यक्ष प्रयोग झालेले आहेत. २०१६ साली इंग्लंडमधला एक अभ्यास ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या ६९७ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने ठरलेल्या दिवशी एकदम बंद केले. दुसऱ्या गटाने त्या दिवसाआधीच्या दोन आठवड्यांत प्रमाण ७५ टक्क्यांनी खाली आणले आणि मग पूर्ण बंद केले. दोन्ही गटांना निकोटिनच्या पट्ट्या आणि समुपदेशन मिळाले. चार आठवड्यांनी पाहिले तेव्हा एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकून होते, कमी करत सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. सहा महिन्यांनी हेच आकडे २२ आणि साडेपंधरा टक्के झाले.

या आकड्यांतून तीन गोष्टी घ्यायच्या. पहिली, एकदम सोडणारे पुढे राहिले. दुसरी, ‘हळूहळू’वाल्या गटालाही दोन आठवड्यांचीच मुदत होती. आपल्याकडचे हळूहळू म्हणजे ‘बघू, दिवाळीनंतर’. तसे हळूहळू या अभ्यासात कोणाच्याच वाट्याला नव्हते. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. औषध आणि समुपदेशन हाताशी असूनही सहा महिन्यांनी साधारण पाचातला एकच टिकला. मग काहीही मदत न मिळालेला आपला बांधकाम मजूर चौथ्या दिवशी परत ओढू लागला, तर त्याला ‘मनाचा कच्चा’ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ साली कोक्रेन या संस्थेने अशा ५१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत २२ हजारांहून अधिक माणसे होती. आधी कमी करून मग सोडणे आणि एकदम सोडणे, या दोहोंच्या यशात ठळक फरक दिसला नाही. म्हणजे ‘एकदम जमतच नाही’ म्हणणाऱ्या माणसाला हाकलून देण्याचे कारण नाही. त्याच्यासाठीही मार्ग आहे, मात्र तो शून्यापर्यंत जाणारा हवा.

खरा धोका वाटेतच मुक्काम ठोकण्यात आहे. ‘मी आधी दिवसाला वीस ओढायचो, आता फक्त दोन’, हे वाक्य अभिमानाने सांगितले जाते. ऐकणारेही पाठ थोपटतात. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष आला. दिवसाला वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा जितका जादा धोका ओढवतो, त्याचा जवळपास निम्मा धोका दिवसाला एका सिगारेटीतही असतो. वीसवरून एकवर आल्याने धोका वीसपट उतरत नाही, जेमतेम निम्मा होतो. शिवाय संख्या कमी झाली की माणूस उरलेली प्रत्येक बिडी जास्त खोल ओढतो, चटका बसेपर्यंत ओढतो. बिडी तर मुळातच तेंदूच्या पानाची. ती सारखी विझते, म्हणून सारखे झुरके मारावे लागतात. बंडलातली संख्या कमी होते, पण छातीत जाणारा धूर त्या हिशेबाने कमी होत नाही.

यामागचे कारण साधे आहे. झुरका घेतल्यावर काही सेकंदांतच निकोटिन मेंदूत पोहोचते आणि साधारण दोन तासांत रक्तातले निम्मे उतरते. उतरले की तलफ येते. जो माणूस पाच बिड्यांवर अडकून राहतो, त्याचा सगळा दिवस पुढच्या बिडीची वाट पाहण्यात जातो आणि त्या पाच बिड्या त्याला पूर्वीच्या वीसपेक्षा प्यारा होतात. पूर्ण बंद करणाऱ्याचे पहिले तीन-चार दिवस फार वाईट जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, कामात लक्ष राहत नाही, सारखी भूक लागते. पण दोन ते चार आठवड्यांत हे बरेच निवळते. अडकून राहणारा हाच त्रास थोडा-थोडा करून वर्षानुवर्षे भोगतो.

इथे एक इशारा देणे आवश्यक आहे, कारण आपल्या बैठकांत दारू आणि तंबाखू एकाच पारड्यात टाकली जातात. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने अचानक ती बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला डॉक्टरांकडेच न्यावे लागते. तंबाखूचे तसे नाही. बिडी एकदम बंद केल्याने त्रास होतो, जीव जात नाही. फक्त मानसिक आजारावरची काही औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी कळवावे, कारण धूर थांबला की क्लोझापिन, ओलांझापिन यांसारख्या औषधांचे रक्तातले प्रमाण वाढते.

आता आपल्यातल्या युक्तिवादांकडे येऊ. काही जण म्हणतात, ‘आपण मध्यम मार्गाचे लोक, एकदम टोकाला कशाला जायचे?’ हा मध्यम मार्गाचा सोयीस्कर अर्थ आहे. बुद्धाने भोग आणि देहदंड ही दोन टोके नाकारली. वीस बिड्या आणि शून्य बिड्या यांचा मध्य दहा, असला हिशेब त्यात कुठे बसतो? भोग अर्धा केला तरी तो भोगच राहतो.

उलट बाजूचे उत्साही कार्यकर्ते म्हणतात, ‘बाबासाहेबांनी धर्म एका दिवसात सोडला, तुम्हाला बिडी सोडता येत नाही?’ टाळ्या मिळतात, पण इतिहास अर्धाच सांगितला जातो. येवल्याची घोषणा १९३५ ची आणि नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची, विचारविनिमयाची, तयारीची होती. तारीख ठरली, आणि त्या दिवशी मात्र अर्धेमुर्धे काही ठेवले नाही. तयारी पुरेशी आणि त्याग पूर्ण, हे त्यातून शिकायचे. बिडीला एकवीस वर्षे देऊ नका म्हणजे झाले, दोन आठवडे पुरतात.

तिसरा युक्तिवाद पंचशीलाचा. ‘पाचव्या शीलात तंबाखू कुठे आहे?’ असे विचारले जाते. नाहीच. बुद्धाच्या काळी तंबाखू भारतात नव्हती, ती पोर्तुगिजांबरोबर आली. बावीस प्रतिज्ञांतही दारूचा उल्लेख आहे, तंबाखूचा नाही. म्हणून बिडी ओढणाऱ्याला विहाराच्या दारात अडवून ‘तू कसला बौद्ध’ म्हणणे चूक आहे. पण शीलामागचा विचार असा की मनाचा ताबा दुसऱ्या कशाच्या हाती देऊ नये. दर दोन तासांनी बैठक सोडून ज्याला बाहेर जावे लागते, त्याने आपला ताबा कोणाकडे आहे ते स्वतःच ठरवावे.

या प्रश्नाची सामाजिक बाजू विसरलो तर आपण नुसते उपदेशक ठरू. नाक्यावरचा मजूर, सफाई कामगार, ऊसतोड कामगार बिडी का ओढतो? ठेकेदार दमला म्हणून बसू देत नाही, बिडी ओढायला मात्र पाच मिनिटे देतो. बिडी भूक मारते. गटाराचा वास सहन करायला मदत करते. आपल्या माणसांनी बिडी ओढली आणि वळलीही. ज्यांना ‘जय भीम’ या अभिवादनाचे श्रेय दिले जाते, त्या कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी विदर्भातल्या बिडी कामगारांना ठेकेदारांच्या पिळवणुकीविरुद्ध संघटित केले. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून आले आणि १९३९ साली पस्तिशीत क्षयाने गेले. बिडी वळणारी बाई तंबाखूची धूळ श्वासात घेते, बिडी ओढणारा धूर घेतो आणि नफा तिसऱ्याच्याच घरी जातो. हे अर्थकारण ज्याला कळले, त्याला बिडी सोडणे ही निव्वळ खासगी बाब वाटणार नाही.

मग करायचे काय? शाखेने किंवा मंडळाने मिळून करता येण्यासारख्या काही गोष्टी सुचवते.

दोन आठवड्यांनंतरची एक तारीख ठरवा. १४ एप्रिल किंवा १४ ऑक्टोबरच हवी असे नाही. उलट मिरवणुकीच्या धामधुमीत, जागरणात सोडणे अवघड जाते. साधा कामाचा दिवस बरा. तारीख घरात आणि दोन मित्रांना सांगा. या दोन आठवड्यांत पहिली बिडी कधी, जेवणानंतरची कोणाबरोबर, कामावरची कोणत्या वेळी, हे लिहून ठेवा. ज्याला आधी कमी करायची आहे त्याने याच काळात करावी. त्या दिवशी घरातली आणि खिशातली सगळी टाकून द्या. ‘पाहुण्यांसाठी एक बंडल’ हा पळवाटेचा प्रकार नको.

बिडी सोडून खर्रा, मावा, मिश्री धरू नका. निकोटिन तेच, फक्त आजार छातीऐवजी तोंडाचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि बिनधुराची तंबाखू खाणारे २४.४ टक्के. आपल्या राज्यात हा खड्डा फार मोठा आहे.

पहिले सात दिवस कार्यकर्त्यांनी वाटून घ्या. संध्याकाळी फोन, जेवणानंतर एक फेरी, टपरीऐवजी कोणाच्या तरी घरी चहा. तलफ बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते, तेवढी मिनिटे कोणीतरी सोबत असले की भागते. कोणी एखादी ओढलीच, तर बैठकीत पंचनामा करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करायला लावा. एका बिडीने सगळे गेले असे मानणारा माणूस त्याच रात्री बंडल संपवतो आणि मग लाजेने विहारातही येत नाही.

सरकारकडे मागणी करा. निकोटिनची पर्यायी औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तुमच्या जिल्हा रुग्णालयात ती मिळतात का, समुपदेशक जागेवर असतो का, याची विचारणा लेखी करा, उत्तर लेखी घ्या. इंग्लंडच्या अभ्यासातल्या माणसांना पट्ट्या आणि समुपदेशन मिळाले, आपल्या मजुराला नुसता उपदेश का? १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. तो प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहा.

पुढच्या बैठकीत ‘एकदम की हळूहळू’ हा वाद निघाला, तर दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारा: तुझी तारीख कोणती? ज्याच्याकडे तारीख आहे त्याच्यासोबत उभे राहा. ज्याच्याकडे नाही, त्याला तिथेच दिनदर्शिका काढून द्या.

जय भीम.