‘ढ’ म्हणण्याआधी डोळे तपासा

माझी बहीण हर्सूलला राहते. तिची मुलगी आठ वर्षांची. सकाळी शाळा, संध्याकाळी मोहल्ल्यातल्या मकतबमध्ये अरबीचा सबक. दोन्हीकडून तक्रार एकच : पोरीचं लक्ष नाही. फळ्यावरचा 6 वहीत 8 होऊन उतरायचा. मकतबमध्ये ‘ते’वरचे दोन नुक्ते आणि ‘से’वरचे तीन नुक्ते तिला सारखेच दिसायचे. ओरडा बसला, कधी छडीही. घरात आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं, पोरगी ‘ढ’ आहे. त्यात मीही होतो.

शेवटी डोकेदुखीच्या निमित्ताने डोळे तपासले. साधा नंबर जवळपास शून्य, पण ‘सिलेंडर’ अडीच. दुकानदाराने सिलेंडर म्हणताच बहीण गोंधळली. तिला गॅसचाच माहीत.

मराठीत याला दृष्टिवैषम्य म्हणतात, डॉक्टर अॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल असावा लागतो. काहींचा तो चमच्याच्या पाठीसारखा असतो, एका बाजूने जास्त वाकलेला, दुसऱ्या बाजूने कमी. मग उजेड एका जागी नीट जमत नाही. एका दिशेची रेघ स्पष्ट दिसते, दुसऱ्या दिशेची पसरते. जवळचं आणि लांबचं, दोन्ही पुसट. रात्री जळगाव रोडवर समोरच्या गाडीच्या दिव्याला लांब शेपट्या फुटलेल्या दिसत असतील, तर त्याचं एक कारण हेही असू शकतं.

हा रोग नाही. थोडाफार दोष पुष्कळांच्या डोळ्यांत असतो. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1801 मध्ये तो स्वतःच्याच डोळ्यात असल्याचं नोंदवलं होतं. मोबाईलने तो होत नाही, गाजराने जात नाही, चष्मा लावल्याने वाढतही नाही. मात्र डोळे जोरजोरात चोळायची सवय वाईट. आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीने मुलांचे डोळे खाजतात आणि ती सतत चोळत बसतात. त्यातून कॉर्निया पातळ होऊन पुढे टोकदार होण्याचा धोका असतो. खाज असेल तर औषध घ्यावं.

चष्म्याच्या चिठ्ठीत तीन आकडे असतात. पहिला साधा नंबर, दुसरा सिलेंडर, तिसरा अॅक्सिस, म्हणजे ती काच किती अंशांवर बसवायची. हा तिसरा आकडा आपण वाचतच नाही. काच तीस अंशांनी फिरली तर सिलेंडरचा फायदा जवळजवळ संपतो. म्हणून वाकडी झालेली फ्रेम तशीच वापरू नये. रस्त्यावर मिळणाऱ्या तयार चष्म्यांत सिलेंडर नसतोच. लहान मुलांची तपासणी थेंब टाकून करावी लागते, नुसत्या मशीनच्या आकड्यावर भागत नाही.

भाचीला चष्मा लागला तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, “मुलीच्या जातीला चष्मा? उद्या रिश्ते कसे येतील?” डॉक्टरांनी सांगितलं ते जास्त गंभीर होतं. चष्मा लावूनही तिचा उजवा डोळा शेवटच्या ओळी वाचत नव्हता. मेंदूला लहानपणी स्वच्छ चित्र मिळालंच नाही, तर डोळा आळशी होतो. तो सुधारण्याची संधी सात-आठ वर्षांपर्यंत सर्वांत चांगली, पुढे ती कमी होत जाते. आता चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून उजव्याला कामाला लावलं आहे. फरक पडतोय. पण दोन वर्षं आधी नेलं असतं, ही टोचणी राहतेच.

आपण अभिमानाने सांगतो की हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसमने ‘किताब अल-मनाझिर’ लिहून दाखवलं : डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूवरचा उजेड डोळ्यात येतो. अभिमान ठीक. पण त्याचं नाव घेणाऱ्या वस्तीत पोराला अक्षर दिसतं की नाही, हे कुणी विचारत नसेल तर त्याचा उपयोग काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत जातात. मकतब, मदरसे आणि छोट्या खासगी शाळांतली मुलं त्यातून सुटतात. तिथे जबाबदारी आपलीच. मदरशांचं नवं वर्ष शव्वालमध्ये सुरू होतं, शाळेचं जूनमध्ये. मशिदीच्या कमिटीने त्या वेळी एक दिवस नेत्रतज्ज्ञ बोलवावा. तेही जमत नसेल तर पालकांनी मुलाला शाळेत घालतानाच घाटीच्या नेत्र विभागात न्यावं. उस्तादांनी आणि गुरुजींनी एवढंच करावं : मूल वारंवार चुकत असेल, डोळे बारीक करून किंवा मान तिरपी करून बघत असेल, तर छडी उचलण्याआधी आईबापांना डोळे तपासायला सांगावं.

भाची आता नुक्ते बरोबर मोजते. ती ‘ढ’ कधीच नव्हती.