गाठ मारलेली पिशवी



गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळात मी खताच्या बादलीचा विषय काढला आणि पाच मिनिटांत पापी ठरले. “अगं, त्यात किडे होतात. ते मेले की पाप कुणाच्या माथी?” एका मावशींनी विचारलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोकम सरबत आलं, कागदी ग्लासांतून. कागदी आपलं म्हणायचं, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर सरबत झिरपलं नसतं का? पिऊन झाल्यावर ते तीसेक ग्लास, केळ्यांच्या साली, उरलेला चिवडा, सगळं एका काळ्या पिशवीत गेलं, वर घट्ट गाठ बसली आणि पिशवी जिन्याखाली घंटागाडीची वाट बघत राहिली. त्या पिशवीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही, कारण मला वेळेवर कधी सुचत नाही. म्हणून आता लिहिते.

मावशींचा प्रश्न खोटा नाही. ओल्या कचऱ्यात जीव उपजतात हे आपण लहानपणापासून ऐकलं आहे. आमच्या शेजारच्या श्वेतांबर वहिनी तर ताट धुऊन ते पाणी पितात, कारण उष्ट्यात एका मुहूर्तात, म्हणजे 48 मिनिटांत, संमूर्च्छिम जीव उपजतात असं त्या मानतात. पण मग मला सांगा, पिशवीला गाठ मारली की जीव उपजायचे थांबतात का? सालं तीच, ओल तीच, वर कोंडलेली उष्णता. किडे होतात, तिथेच गुदमरतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत. डोळ्यांआड झालेल्या हिंसेला आपण अहिंसा म्हणायला लागलो, इतकंच.

आणि त्या पिशवीची गोष्ट तिथे संपत नाही. आतल्या सालीचा वास गाईला येतो, गाठ तिला सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. गाय आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते, म्हणून गिळताना तिला काही कळत नाही. प्लास्टिक पोटाच्या पहिल्या कप्प्यात अडकतं, पुढे सरकत नाही की विरघळत नाही. वर्षानुवर्षं साठत जातं. पोट फाडून तीस-चाळीस किलो प्लास्टिक काढल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. चाऱ्याला जागाच उरत नाही, गाय भरल्या पोटी उपाशी मरते. आणि आपण? पर्वात जीवदयेची पावती फाडतो, पांजरपोळाला देणगी देतो. डाव्या हाताने पिशवी, उजव्या हाताने पावती. मला स्वतःला हे टोचतं, कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी हेच करत होते.

टाकणं हा आपल्या धर्मात किरकोळ विषय नाही. मुनींच्या पाच समित्यांपैकी एक अख्खी समिती, उत्सर्ग समिती, काय टाकायचं, कुठे टाकायचं, जागा आधी पाहून कसं टाकायचं एवढ्यासाठीच आहे. (श्वेतांबर तिला पारिष्ठापनिका म्हणतात.) ती मुनींची झाली असं म्हणाल, तर श्रावकांसाठी अनर्थदंडव्रत आहे. त्यातली प्रमादचर्या समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगितली आहे: कारण नसताना जमीन, पाणी, अग्नी, वारा, वनस्पती यांची नासधूस करणं. पाच मिनिटांच्या सरबतासाठी तीस ग्लास हे दुसरं काय आहे?

माझी आजी आडाचं पाणी दुहेरी कापडातून गाळायची. गाळून झालं की कापड उलटं धरून त्यावर गाळलेलं पाणी ओतायची आणि ती जीवाणी अलगद, उंचावरून न फेकता, त्याच आडात सोडायची. ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात. तिला पर्यावरण हा शब्द माहीत नव्हता. मातीतून आलेली दुधीची साल मातीत परत सोडताना मला तिचं ते वाकणं आठवतं.

आता बादलीबद्दल, कारण खरी भीती किड्यांची आहे. अळ्या होतात त्या ओल उघडी राहिल्यावर. माशी ओल्यावर बसते, अंडी घालते. तिला बसायलाच दिलं नाही तर? आपल्या कोकणात नारळाच्या सोडणांना तोटा नाही. काथ्याचा भुसा किंवा कोरडा पातेरा पोतंभर साठवून ठेवायचा. बादलीला बाजूने भोकं, तळाला भुशाचा जाड थर. साली बारीक चिरून, थोड्या सुकवून टाकायच्या आणि प्रत्येक वेळी वरून इतका भुसा की ओलं दिसताच कामा नये. वर जुन्या सुती साडीचा तुकडा बांधायचा. उष्टं, शिजवलेलं अन्न त्यात नाही. ते मुळात उरूच नये, आणि तिथे ताट धुऊन पिणाऱ्या वहिनी आपल्या गुरू. पावसात बादली पडवीत घ्यायची आणि भुसा दुप्पट. पहिल्या जूनमध्ये माझी बादली सडली, वास सुटला, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. चूक माझी होती, भुशात कंजुषी केली होती. म्हणून सांगते, पातेरा उन्हाळ्यातच भरून ठेवा. अंगणात तो पेटवू तरी नका. त्यात किती जीव जळतात याचा हिशोब कुणी मांडत नाही, आणि खताच्या बादलीवर मात्र सूक्ष्मदर्शक लावतात.

जीव अजिबात नाहीत असं मी म्हणत नाही. मातीत जीव असणारच, ते तिथे आपलं आयुष्य जगतात. मी त्यांना प्लास्टिकमध्ये कोंडत नाही, एवढंच माझं म्हणणं.

“हे सगळं नगरपरिषदेचं काम” हा दुसरा आक्षेप. शेजारच्या सिंधुदुर्गातलं वेंगुर्ले बघा. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या नगरपरिषदेने कचऱ्याच्या मैदानाचं रूप पालटलं. ओल्यापासून बायोगॅस, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात, आणि लोक ते बघायला जायला लागले. पण ते जमलं कारण कचरा वेगळा होऊनच येत होता. ओला, सुका आणि घातक वेगळा करणं ही घराची जबाबदारी, असं केंद्राच्या 2016 च्या नियमांनीही सांगितलं होतं. खिचडी झालेल्या पिशवीतून कुणा सफाई कामगार बाईने उघड्या हातांनी आपले पॅड वेगळे काढायचे, ही कुठली अहिंसा?

आता शाळा. “टाकाऊतून टिकाऊ” स्पर्धेसाठी कोल्ड्रिंकच्या बाटल्या विकत आणून, आतलं मोरीत ओतून देणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. वर चमकी, थर्माकोल, गोंद. आठवड्यात ते टिकाऊ कचऱ्यात. वाढदिवसाला वर्गभर वेष्टनातली चॉकलेटं. त्याऐवजी शेंगदाण्याचे लाडू डब्यातून नेता येतात, माझ्या मुलीने नेले, दोन मुलांनी नाकं मुरडली, बाकीच्यांनी पुन्हा मागितले. वहीची कोरी पानं मे महिन्यात शिवून कच्ची वही होते, शाळेने तेवढी एक सवय लावली तरी पुष्कळ. मंडणगडच्या वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची घरटी राखली. समुद्राकडे धावणारी पिल्लं दाखवायला आपण मुलांना नेतो, वेफर्सच्या पुड्या घेऊन. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिश वाटते आणि ते ती खातं, हे त्याच मुलांना पाठ असतं.

आणि आपली पाठशाळा तरी काय करते? बक्षीस म्हणून प्लास्टिकचे कंपास. गेल्या वर्षी “कापडी” पिशव्या वाटल्या, वर मंडळाचं नाव छापून. ते कापड नव्हतं, बायांनो. सुताने विणलेलं नसलेलं, चिकटवल्यासारखं दिसणारं ते पॉलिप्रोपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. ज्योतीजवळ धरून बघा, सूत जळून राख होतं, हे वितळतं. 23 मार्च 2018 ला राज्याने प्लास्टिकबंदी आणली, 1 जुलै 2022 ला केंद्राने एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर. दंडाला भिऊन आपण थर्माकोल सोडलं आणि कागदी म्हणवणाऱ्या ग्लासांवर आलो.

स्टीलची ताटं म्हटलं की लगेच, “धुवायला पाणी किती लागेल! पाण्यात जीव नाहीत का?” आहेत. कागद करायलाही पाणी लागतं, ते आपल्या मोरीतून वाहत नाही म्हणून आपल्याला मोजावंसं वाटत नाही. प्रत्येकीने घरून ताट-वाटी-पेला आणला आणि घरी नेऊन धुतला तर मंडळाला एक थेंबही लागणार नाही.

दसलक्षण पर्वाआधी बैठक आहे. ताटांचा खर्च परवडत नाही असं म्हटलं जाईल, म्हणून गेल्या वर्षीच्या ग्लास-पत्रावळ्यांची बिलं मी खजिनदार काकांकडून मागून घेतली आहेत. मावशींच्या शेजारीच बसणार आहे. आणि हो, बादलीतलं मूठभर खत डबीत घालून नेते. वास घेऊन बघा, मग बोला.