गल्ल्यावरील सल्ला

भाद्रपदात पर्युषण पर्व येते, आणि त्याच सुमारास विदर्भातील कपाशी पात्याफुलांवर असते. घरी प्रतिक्रमणाची वेळ झालेली असते; कृषी सेवा केंद्रात मात्र हंगामातील गर्दी उसळलेली असते. फडक्यात बांधून आणलेली चार पाने शेतकरी काउंटरवर पसरतो आणि विचारतो, ‘‘शेटजी, पाहा बरं, पऱ्हाटीवर हे काय पडलं?’’

हा प्रश्न तो दुकानदाराला विचारतो, याला कारण आहे. कृषी विज्ञान केंद्र दूर असते, कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात. दुकान मात्र रोज उघडते आणि उधारही देते. त्यामुळे परवान्यावर ‘विक्रेता’ असलेला श्रावक प्रत्यक्षात त्या परिसराचा शेतीसल्लागार असतो. रोगाचे निदान करणारा आणि औषध विकणारा एकच असला, की निदानाला नफ्याचा स्पर्श होण्याचे भय असते.

शास्त्रकारांनी हे भय ओळखले होते. तत्त्वार्थसूत्रात सत्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील पहिलाच ‘मिथ्योपदेश’, म्हणजे चुकीचा सल्ला, हा आहे. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचीही गणना आहे. कीटकनाशके दुकानात ठेवावीत की नाहीत, हा निर्णय प्रत्येक घराने आपल्या व्रतानुसार घ्यावयाचा आहे. परंतु ज्यांनी ती ठेवली आहेत, त्यांची सल्ल्याची जबाबदारी दुप्पट होते.

या जबाबदारीचे मोल 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. डोक्याच्याही वर वाढलेली कपाशी, उकाडा, अंगावर संरक्षक कपडे नसणे आणि औषधांची मिश्रणे, अशी अनेक कारणे पुढे आली. मिश्रणाचा सल्ला बहुधा काउंटरवरच मिळतो, हे मात्र विसरता येत नाही.

मग योग्य सल्ला कसा असतो? तो आधी पाहावयास सांगतो. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक नर पतंग आढळले, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजतात. त्याआधी केलेली फवारणी शेतकऱ्याचा पैसा घालवते आणि मित्रकीटकांसह असंख्य जीवांचा निष्कारण घात करते. डोमकळ्या वेचून नष्ट करण्यास पैसा लागत नाही. हा सल्ला विक्री वाढवत नाही, म्हणूनच तो देणाऱ्याची परीक्षा पाहतो.

खतांचेही तसेच. माती न तपासता दिलेली पोती अंदाजाने दिलेली असतात. 2015 पासून दिल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटकांची नोंद असते. नमुना घेताना बांध, विहीर, झाडाची सावली आणि खताच्या ढिगाची जागा टाळावी. इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा करून पंधरा ते वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी. शेतात ठिकठिकाणची माती एकत्र करून तिचे चार भाग करीत अखेर अर्धा किलो ठेवावी. एवढे समजावण्यास दहा मिनिटे लागतात.

औषध द्यावेच लागले, तर वेष्टनावरील त्रिकोणाचा रंग शेतकऱ्याला दाखवावा. लाल रंग सर्वाधिक विषारी. मिश्रण सुचवू नये, हातमोजे व मुखपट्टीवाचून माल देऊ नये, आणि बॅच क्रमांकासह पक्की पावती द्यावी. बियाणे बोगस निघाले, तर तीच पावती गरिबाचा आधार ठरते.

हे ज्ञान मिळवण्याची सोयही आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने 2003 मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाची ‘देसी’ पदविका सुरू केली; तिचे वर्ग रविवारी किंवा बाजाराच्या सुटीच्या दिवशी भरतात. कृषी पदवीधरांसाठी 2002 पासून कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्राची योजना आहे. घरातील मुलगा किंवा सून कृषी पदवीधर असेल, तर सल्ल्याचे वेगळे आणि माफक शुल्क घेऊन माती-पाणी परीक्षणाचे काम त्याच पेढीवर उभे राहू शकते. सल्ल्याचे दाम स्वतंत्र मिळाले, की तो बाटलीच्या नफ्यावर अवलंबून राहत नाही.

यात व्यवहाराचेही हित आहे. ज्याचे पीक हाती येते, त्याचीच उधारी वसूल होते. अनावश्यक फवारण्यांचे आकडे वहीतच राहतात आणि कर्जदाराला लाजेने दुसऱ्या दुकानाकडे वळवतात.

संवत्सरीला श्रावक सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या जीवांत कपाशीवरील किडेही आले आणि पाठीवर पंप घेतलेला मजूरही आला. यंदा क्षमापनेसाठी हात जोडण्याआधी त्याने हंगामातील बिलांवरून एकवार नजर फिरवावी. त्यांतील कोणती बाटली शेताच्या गरजेपोटी दिली आणि कोणती गल्ल्याच्या, हे त्याचे त्यालाच कळेल.