छत्रीवाल्यांची पलटण

दिवाळी आली की आमच्या मेढ्यात पहिले काम निघते ते छत्र्या माळ्यावर टाकण्याचे. पाऊस म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे, असा मुंबईकरांचा समज असतो. पण वेण्णेच्या काठी, या जावळीच्या डोंगरात, चार महिने जो कोसळतो त्याच्याशी एकदा गाठ पडली म्हणजे छत्री ही केवळ शोभेची वस्तू आहे हे कळून चुकते. भातलावणीला तिच्यापेक्षा इरले बरे! तर यंदा वसुबारसेच्या दिवशी मी शिडीवर उभा राहून मोडक्या काड्यांच्या पाच छत्र्या माळ्यावर सारीत होतो, तोच खालून वहिनी एकाएकी म्हणाली,

"भावोजी, छत्रीचा काय हो भरवसा? ऐन वेळी उघडलीच नाही म्हणजे?"

मी शिडीवरून उतरलो. प्रश्न माळ्यावरच्या छत्र्यांचा नव्हता, हे माझ्या ध्यानात आले. आमचा पुतण्या फौजेत आहे. दिवाळीला सुटीवर आला तो बातमी घेऊनच. त्याने आपण होऊन पॅराशूट रेजिमेंटसाठी नाव दिले होते. आता कसोटीचे दिवस, मग आग्र्याला विमानातून पाच उड्या, आणि त्या पार पडल्या म्हणजे गणवेशावर पंखांचे चिन्ह. पोराचा आनंद गगनात मावत नव्हता. आईचा जीव मात्र त्याच गगनात टांगला गेला होता.

"आणि मी म्हणते," वहिनी पुढे म्हणाली, "हल्ली लढाया त्या ड्रोनांनी होतात ना? रोज बातम्यांत दाखवतात. मग जित्याजागत्या माणसांना आभाळातून खाली टाकायचे कशाला? आता गरज काय त्याची?"

मी चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येत नसले की "पुढच्या तासाला सांगतो" म्हणायची सोय असते. घरात ती नाही. शिवाय, वाचकहो, प्रश्न रास्त होता. मोठमोठ्या देशांतले सेनापती आज याच प्रश्नावर डोके खाजवीत बसले आहेत.

ओसरीवर आमचे आबा सुपारी कातरीत होते. आबा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. १९७१ साली ते पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत, शिपाई होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले,

"छत्रीवाल्यांचं मला नगा सांगू. पुलावर आमी गेलो तवा सुटलं बिचारं."

आता हा पूल कोणता, ते सांगितले पाहिजे.

१९७१ च्या डिसेंबरात आपली फौज पूर्व बंगालात शिरली. उत्तरेकडे मैमनसिंग आणि जमालपूरच्या बाजूला पाकिस्तानची ९३ वी ब्रिगेड होती. ती मागे हटून ढाक्याला पोहोचली असती, तर राजधानीच्या बचावाला आणखी बळ मिळाले असते. तिची वाट टांगाईलवरून जात होती. वाटेत लोहाजंग नदीवर पुंगली नावाच्या ठिकाणी एक पूल होता. तो धरायचा, आणि शत्रूला पलीकडे जाऊ द्यायचे नाही, असे ठरले. पण पूल होता शत्रूच्या पाठीमागे. तेथे जायचे कसे? आभाळातून!

हे काम मिळाले दुसऱ्या पॅराशूट बटालियनला. ही मूळची आपली तिसरी मराठा. १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा ती तिच्यात गेली, पण नावापुढचा 'मराठा' तिने सोडला नाही. ११ डिसेंबरच्या दुपारी पन्नासएक विमाने निघाली. डाकोटा, पॅकेट, एएन-१२, कॅरिबू अशी नाना तऱ्हेची. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखालचे सातशेच्या आसपास जवान साडेचारच्या सुमारास टांगाईलच्या शेतांत उतरले. काही लांब पडले, काही सामान तळ्यांत गेले. गावकऱ्यांनी ते बाहेर काढून डोक्यावरून वाहून दिले. कादर सिद्दिकीची मुक्तिवाहिनी त्या भागात आधीपासून होती, आणि आपला एक अधिकारी अगोदरच तेथे जाऊन उतरण्याच्या जागा हेरून आला होता. अंधार पडल्यावर थोड्याच वेळात पूल आपल्या हाती आला. रात्री मागे हटणाऱ्या शत्रूने त्यावर पुन्हा पुन्हा हल्ले केले. पूल सुटला नाही.

आमच्या लोकांना हे नवे नाही. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभूंनी घोडखिंड धरली ती याच हिशेबाने. थोड्या माणसांनी अरुंद जागा धरायची आणि मोठ्या फौजेला अडवायचे. जावळीच्या रानाला तर ही विद्या पाठच आहे. १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखानाच्या छावणीवर मावळे तुटून पडले ते याच झाडीतून. फरक एवढाच, की मावळ्यांना झाडीची वाट होती आणि छत्रीवाल्यांना विमानाचे दार!

पण आबांचे म्हणणे निराळे होते, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तेथेच आहे. जंगी पलटण सरहद्दीपासून लढत येत होती. १० डिसेंबरच्या रात्री जमालपूरहून फोडून निघू पाहणाऱ्या शत्रूला तिने पुरते झोडपले आणि तशीच ती दक्षिणेकडे टांगाईलच्या वाटेला लागली. १२ तारखेच्या संध्याकाळी ती पुंगलीच्या पुलाशी पोहोचली. आभाळातून आलेले मराठे आणि जमिनीवरून आलेले मराठे परमुलुखातल्या एका पुलावर भेटले.

"एकाला इचारलं, कुठला रं तू? म्हनला, कोरेगावचा," आबा सांगत होते. "त्याच्याजवळ पानी न्हवतं. माझ्यातलं दिलं."

उतरल्यापासून ही भेट होईपर्यंत गेला तो जेमतेम एक दिवस. हा एक दिवस ध्यानात ठेवावा.

कारण असाच एक पूल १९४४ साली हॉलंडात होता, आर्न्हेम गावी. १७ सप्टेंबरपासून इंग्रजांचे आणि त्यांच्या बाजूच्या पोलंडवासीयांचे मिळून सुमारे १०,००० छत्रीधारी आणि ग्लायडरांतून आलेले सैनिक नदीपलीकडे उतरले. खालून येणारे रणगाडे दोन दिवसांत पोहोचायचे होते. ते पोहोचलेच नाहीत. नऊ दिवसांनी नदी ओलांडून परत आले ते अडीच हजारांच्या आत. शौर्यात ते आपल्या जवानांहून तसूभरही कमी नव्हते. त्यांची जंगी पलटण वेळेवर आली नाही, एवढेच!

आपल्या शेजाऱ्यानेही हा अनुभव घेतला आहे. ६ सप्टेंबर १९६५ च्या रात्री पाकिस्तानने पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा या आपल्या विमानतळांवर मिळून पावणेदोनशेच्या घरात छत्रीधारी टाकले. मागून त्यांच्या मदतीला येणारे कोणी नव्हते. ते उसाच्या आणि मक्याच्या शेतांत विखुरले. पंजाबातल्या गावकऱ्यांनी आणि पोलिसांनी त्यातले बहुतेक पकडले.

मग ही मोठी उडी संपली म्हणायची का? पुष्कळसे तसेच आहे. १९४१ च्या मे महिन्यात जर्मनांनी क्रीट बेट छत्रीधाऱ्यांकरवी जिंकले खरे, पण इतकी माणसे गेली की हिटलरने पुन्हा तसला मोठा डाव मांडला नाही. गंमत अशी, की ते पाहून इंग्रज आणि अमेरिकन मात्र मोठमोठ्या छत्रीधारी सेना उभारण्याच्या मागे जोमाने लागले! आपली ५० वी पॅराशूट ब्रिगेडही त्याच १९४१ सालची. आज परिस्थिती आणखी अवघड आहे. भरलेले वाहतूक विमान म्हणजे हळू आणि सरळ रेषेत चाललेली मोठी चीज, आणि एका माणसाच्या खांद्यावरून सुटणारे क्षेपणास्त्रही ती खाली आणू शकते. २००३ साली अमेरिकेने उत्तर इराकमध्ये साडेनऊशेच्या आसपास माणसे छत्रीने उतरविली, पण उतरविली ती मित्र कुर्दांच्या ताब्यातल्या मैदानात. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाची हवाई तुकडी कीवजवळच्या होस्तोमेल विमानतळावर हेलिकॉप्टरांतून उतरली. मागून मोठ्या विमानांनी आणखी फौज यायची होती. लढाईत धावपट्टी निकामी झाली, विमाने उतरू शकली नाहीत, आणि महिनाभराने रशियनांना तो विमानतळ सोडावा लागला. छत्री असो की हेलिकॉप्टर, दुखणे तेच.

"मग मोडून टाका म्हणावे ती पलटण!" वहिनी म्हणाली.

येथे मात्र मला थांबावे लागले. नोव्हेंबर १९८८ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मालदीवमध्ये भाडोत्री बंडखोरांनी राजधानी घेतली आणि तेथील अध्यक्षांनी भारताकडे मदत मागितली. ३ तारखेच्या रात्रीच आग्र्याहून आपले पॅराशूट सैनिक दोन हजारांहून अधिक किलोमीटर उडून हुलहुले विमानतळावर पोहोचले. धावपट्टी मोकळी होती म्हणून विमाने सरळ उतरली, उडी कोणालाच मारावी लागली नाही. पण धावपट्टी मोकळी नसती तर? उडी मारणारे तयार होते, म्हणूनच इतक्या झटपट निघण्याची हिंमत झाली. टांगाईलचीही दुसरी बाजू आहे. जगातल्या वृत्तपत्रांनी सातशेचे काही हजार केले, सरावातला एक जुना फोटो त्या उडीचा म्हणून सर्वत्र छापून आला, आणि ढाक्यात बसलेल्यांना वाटले की भारताची अख्खी ब्रिगेड उशाशी आली. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला, हेच उडी मारून आलेले मराठे ढाक्यात पहिल्याप्रथम शिरणाऱ्यांत होते.

तेव्हा माझे मत असे झाले. हजारोंच्या संख्येने आभाळ झाकून टाकणाऱ्या त्या उड्यांचे दिवस गेले, आणि त्यांच्यासाठी विमानांवर अमाप पैसा ओतण्यात अर्थ नाही. परंतु थोडी, निवडक आणि पक्की तयारीची पलटण पाहिजेच. ती आहे एवढ्यानेही शत्रूला आपल्या पाठीमागची प्रत्येक धावपट्टी आणि प्रत्येक पूल राखीत बसावे लागते. अट एकच. उडी मारायला सांगणाऱ्याने आधी सांगितले पाहिजे, की खालून कोण येणार आणि किती तासांत येणार. ते सांगता येत नसेल, तर विमानाचे दार उघडू नये.

मी हे सगळे वहिनीला सांगितले. मास्तरकीची सवय, थोडे लांबलेच. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "भावोजी, ते देशाचे झाले. माझ्या पोराचे काय?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. इतिहासात ते कुठेच लिहिलेले नाही.

उत्तर दिले ते पोराने. तो इतका वेळ उंबऱ्यावर बसून आबांच्या पंचाहत्तरी गाठलेल्या पायांना तेल चोळीत होता. म्हणाला, "आई, आमच्या पाठीवर एक छत्री असते आणि पोटावर दुसरी, राखीव. एक नाही उघडली तर दुसरी."

"आन् तिसरी?" आबांनी विचारले.

"तिसरी तुमची, आबा. चालत येणारी."

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी कातरलेली सुपारी त्याच्या हातावर ठेवली. वहिनी उठून आत गेली आणि थोड्या वेळाने कढईत चकली पडल्याचा आवाज आला.

मी पुन्हा शिडीवर चढलो. पाचांपैकी एक छत्री जरा बरी होती. ती माळ्यावर न टाकता मी खुंटीलाच अडकवून ठेवली. दिवाळीत मेढ्याला पाऊस सहसा येत नाही. पण येणारच नाही असे थोडेच आहे?