ग्राइंडर म्हणजे पॉलिशर नव्हे

वसमतकडे वाळवलेली हळद ड्रममध्ये फिरवतात, तेव्हा चमक बाहेरून लागत नाही. वरची खरबरीत साल घासून निघते. गाडीच्या पॉलिशचेही तसेच. फरक एवढाच, की आजच्या बहुतेक गाड्यांच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. गेला की परत येत नाही.

म्हणून ईदच्या तोंडावर घरातल्या ग्राइंडरला फोमची चकती लावून गाडी चमकवू नका, असे आम्ही कळकळीने सांगतो. लहान ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. रंगाला ३,००० च्या आतलेच पुरतात. बॉनेटच्या कडेवर क्षणभर रेंगाळला, की रंग जळालाच.

घ्यायचेच तर वेग कमी-जास्त करता येणारे ड्युअल ॲक्शन पॉलिशर घ्या. त्याची चकती फिरते आणि डुलतेही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. जास्त दाबले तर फिरणे मंदावते. नवख्या हाताला हेच बरे. रोटरी झपाट्याने काम करते, पण ते कारागिराचे यंत्र. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एक घेतले तरी भागते.

आधी गाडी नीट धुवा. काळ्या मातीचा कण राहिला, तर चकतीच ओरखडे पाडेल. काम सावलीत, पत्रा थंड असताना करा. कडांना चिकटपट्टी लावा. मऊ फोम, पॉलिशचे तीन-चार थेंब, आणि आधी वीतभर जागेवर करून पाहा. नखाला अडकणारा ओरखडा मात्र सोडून द्या. तो घासून जाणारा नाही.