फोटोच्या पाठीवर नाव लिहा

गेल्या दिवाळीच्या आधी माळा साफ करताना बिस्किटांचा एक जुना डबा खाली आला. डब्यात पावत्या, एक बंद पडलेले मनगटी घड्याळ आणि तळाशी एक कृष्णधवल फोटो. दगडी पायऱ्यांवर सहा तरुण बसले आहेत. रुंद कॉलरचे शर्ट, पायघोळ पँट, केस तेल लावून चापून बसवलेले. डावीकडून पहिले माझे वडील. खटाव तालुक्यातून भोसरीच्या एका वर्कशॉपात लेथ चालवायला ते आले, त्याला तेव्हा तीन-चार वर्षे झाली असावीत. माझ्या मुलीने विचारले, "आजोबांच्या शेजारचे हे कोण?" मी फोटो उलटा करून पाहिला. पाठ कोरी. ना तारीख, ना गाव, ना कुणाचे नाव.

वडील जाऊन बारा वर्षे झाली. आईला बाकीच्या पाचांतल्या दोघांची नावे आठवली. उरलेले तिघे कोण, हा फोटो कुठला, हे सांगणारे आमच्या घरात कुणी नव्हते.

असे फोटो आपल्या पट्ट्यात घरोघरी असतील. पिंपरी-चिंचवड हे मुळात बाहेरून आलेल्यांनी वाढवलेले शहर. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये एमआयडीसी आली आणि सातारा, सोलापूर, नगर, मराठवाडा, खानदेश अशा चहूबाजूंनी माणसे इथे येऊ लागली. त्याआधी फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे पिंपरीच्या छावणीत उतरली होती. १९९१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या पाच लाखांवर होती, २०११ मध्ये ती सतरा लाखांवर गेली. पुढे चाकणचे कांद्याचे आणि ज्वारीचे माळ मोटारींच्या कारखान्यांखाली गेले. ज्यांची जमीन गेली त्या मूळच्या गावकऱ्यांकडे बैलजोडीचे, विहिरीचे, खळ्याचे फोटो आहेत. जे कामाला आले त्यांच्याकडे खोलीतल्या जोडीदारांचे, पहिल्या सायकलीचे, खंडेनवमीला हार घातलेल्या मशीनचे फोटो आहेत. या भागाचा खरा इतिहास अशा डब्यांत पडून आहे, आणि बहुतेकांच्या पाठी कोऱ्या आहेत.

रविवारची तीच ती वाट

आपण फोटो काढत नाही असे मात्र नाही. पूर्वी आग्फा क्लिक-३ मध्ये रोळ घातला की बारा फोटो मिळत. पुढे छत्तीस फोटोंचा रोळ आला, तोही लग्न आणि बारसे मिळून पुरवून वापरला जाई. आता मोबाइलमध्ये एका सहलीत तीनशे फोटो सहज निघतात. पण ते निघतात कुठे? पावसाळा आला की सगळ्या गाड्यांची तोंडे लोणावळ्याकडे. तोच धबधबा, तेच कणीस, तीच पोज. सोसायटीतल्या चार घरांचे फोटो एकमेकांत मिसळले, तर चेहऱ्यांशिवाय फरक ओळखता येणार नाही.

या गर्दीची किंमत नुसत्या कंटाळ्याने चुकती होत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवारचे होते. घरून निघालेली ही माणसे आपल्यासारखीच होती. डबे भरून, मुलांना टोप्या घालून, संध्याकाळी परत यायचे म्हणून निघालेली. ओसंडणाऱ्या पाण्याचा एक फोटो आपल्याकडेही असावा ही इच्छा काही वाईट नाही. पण हजार माणसांना एकाच वेळी एकाच ठिकाणी तीच इच्छा झाली, की पुलाचे आणि पाण्याचे गणित बदलते.

म्हणून वाटते, एखादा रविवार उलट्या दिशेने जाऊन पाहावे. जिथे गर्दी नाही आणि जे घरापासून तासाभराच्या आत आहे, तिथे.

चाकणचेच उदाहरण घ्या. रोज हजारो माणसे पुणे-नाशिक रस्त्याने चाकणला कामाला जातात आणि वाहतुकीच्या कोंडीला शिव्या देत परत येतात. त्याच गावात संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला आहे. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेसमोर फिरंगोजी नरसाळा यांनी हा लहानसा किल्ला जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवला, तेव्हा कुठे तो मोगलांच्या हाती पडला. आज थोडी तटबंदी, बुरुजांचे अवशेष आणि खंदकाची खूण एवढेच उरले आहे. डोंगर चढायचा नाही, तिकीट नाही. आजीलाही नेता येते.

चाकणहून पुढे राजगुरुनगरला भीमेच्या काठी हुतात्मा राजगुरूंचा वाडा आहे. त्यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ चा. त्याच साली तळेगावला लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला होता. म्हणजे या पट्ट्यातली कारखानदारी आपण समजतो त्याहून बरीच जुनी. चिंचवडच्या चापेकर वाड्यात मुलांना नेऊन १८९७ सालची गोष्ट सांगता येते. आणि सुदुंबऱ्याला संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. संताजी मूळचे चाकणचे. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले, असे परंपरा सांगते. तोंडी असलेले कुणीतरी कागदावर उतरवले म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले, एवढे तरी मुलांना तिथे उभे राहून सांगता येईल.

दगडावरचे नाव

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती शेलारवाडीची टेकडी, लोकांच्या तोंडी घोरावडेश्वर किंवा घोराडेश्वर. देहूरोड आणि तळेगावच्या मधे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच ती आहे. पायऱ्या चढून गेले की कातळात कोरलेली बौद्ध लेणी लागतात, त्यांतल्या एकात आता महादेवाचे देऊळ आहे. महाशिवरात्रीला गर्दी असते, एरवी शांतता. वरून एका बाजूला लोहमार्ग आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यांची पत्र्याची छपरे दिसतात.

तिथे ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. धेनुकाकट इथे राहणाऱ्या एका नांगरधारी शेतकऱ्याच्या बायकोने आपल्या मुलासह हे लेणे दान दिले, अशा अर्थाचा. लेखात तिचे नाव आहे, नवऱ्याचे आहे, मुलाचे आहे, गावाचे आहे. ती राणी नव्हती, कुणा सावकाराची बायको नव्हती. शेतकऱ्याच्या घरातली बाई होती. तिचा चेहरा कसा होता हे जगात कुणाला माहीत नाही, पण शेकडो वर्षांनंतर ती कोण होती हे आपल्याला कळते.

माझ्या वडिलांच्या शेजारी बसलेल्या त्या तिघांचे नेमके उलटे झाले आहे. चेहरे स्वच्छ दिसतात, एकाच्या शर्टाचे तुटलेले बटणही दिसते, पण माणूस कोण ते कळत नाही. पन्नास वर्षांत एवढे पुसले गेले! टेकडीवरून उतरताना मनात आले, त्या बाईला जे सुचले ते आपल्याला का सुचू नये?

डब्यातले फोटो बाहेर काढा

पहिली गोष्ट अगदी साधी. फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिहावे. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पाझरते. चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेले फोटो जमतील तसे सोडवावेत, कारण तो गोंद फोटो खातो. आमच्या एका लग्नाचा अख्खा अल्बम मीच हौसेने अशा पानांवर चिकटवला होता. सोडवायला गेलो तेव्हा निम्म्या वऱ्हाडाची कातडी निघाली! कृष्णधवल फोटोतले चित्र चांदीचे असते, ते नीट ठेवले तर टिकते. रंगीत फोटोतले रंग मात्र उडतात. १९७०-८० च्या दशकांतले कितीतरी फोटो आता तांबडे पडले आहेत. त्यांची नक्कल आधी करून घ्यावी.

दुसरी गोष्ट मोबाइलची. वर्षाकाठी फक्त छत्तीस फोटो निवडावेत, एका रोळाएवढे, आणि तेवढेच कागदावर छापून घ्यावेत. निवडायला घरातले सगळे बसले, की भांडणे होतात आणि त्यातच मजा असते. पाच हजार फोटो कुणी पुन्हा पाहत नाही. छत्तीस पाहतात.

पुढचे ज्याने त्याने आपल्या कल्पनेने करावे. मुलांनी मोठ्या कागदावर सहलीचा नकाशा हाताने काढावा आणि जागोजागी फोटो डकवावेत. छापलेल्या फोटोच्या मागे चार ओळी लिहून तो पाकिटात घालून गावी आजी-आजोबांना पोस्टाने पाठवावा. देवळातल्या गुरवाचा, फुले विकणाऱ्या मावशींचा फोटो त्यांना विचारून काढला असेल, तर पुढच्या खेपेला त्याची प्रत नेऊन द्यावी. काढलेला फोटो परत आणून देणारा पाहुणा फार क्वचित भेटतो. जुना फोटो आजीच्या हातात द्यावा आणि ती बोलत असताना मोबाइलवर नुसता आवाज टिपावा. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' या इंटरनेटवरच्या संग्रहात देशभरातल्या घरांतले असेच जुने फोटो त्यांच्या हकिकतींसह मांडलेले आहेत. मोठ्या संग्रहाचे जाऊ द्या, आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात एका भिंतीवर 'आपण इथे कसे आलो' एवढे लिहून प्रत्येक घराचा एकेक फोटो लावायला काय हरकत आहे? मूळचे गावकरी, कोल्हापूरचे, लातूरचे, पिंपरी कॅम्पातले आणि आता बिहार-ओडिशातून चाकणला आलेले, सगळ्यांचे फोटो एका रांगेत. वर्षानुवर्षे लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारी माणसे तिथे थांबून बोलू लागतील.

आणि सर्वांत चांगला उपयोग म्हणजे जुना फोटो घेऊन त्याच जागी जाणे.

आम्ही तेच केले. पायऱ्यांवरून आईला शंका आली म्हणून एका रविवारी सकाळी तिला घेऊन चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधी मंदिराच्या घाटावर गेलो. मुलगी फोटो हातात धरून पुढे-मागे होत होती. पायऱ्यांची एक वळणदार कड फोटोतल्या कडेशी जुळली आणि ती ओरडली, "इथेच!" आई त्या पायरीवर बसली. पवनेचे पाणी तेव्हा कसे होते आणि आता कसे आहे, यावर थोडे बोलली. मग एकदम म्हणाली, "अगं, हा तर पर्मनंट झाल्याच्या दिवसाचा फोटो. कागद हातात पडला तसे सगळे मोरयाला पेढे ठेवायला आले होते. घरी आले तेव्हा पुड्यात एकच पेढा उरला होता. अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला."

ही गोष्ट तिने आम्हाला कधीच सांगितली नव्हती. घरात फोटो शंभरदा पाहूनही ती तिला आठवली नव्हती. त्या पायरीवर बसल्यावर आठवली. बोलता बोलता तिसऱ्याचे नावही निघाले. उरलेले दोघे अजून कोरेच आहेत. कदाचित त्यांच्याही घरी हाच फोटो एखाद्या डब्यात असेल आणि त्यांची नातवंडे माझ्या वडिलांकडे बोट दाखवून विचारत असतील, "हे कोण?"

त्या संध्याकाळी मुलीने शिसपेन्सिल घेतली आणि फोटोच्या पाठीवर लिहिले: चिंचवड, मोरयाचा घाट, आजोबा पर्मनंट झाले तो दिवस. खाली चार नावे लिहिली. आणि दोन नावांची जागा मोकळी ठेवली.

आज रविवार आहे. पाऊस असेल तर बाहेर जाऊ नका, डबा खाली काढा. ज्यांना नावे ठाऊक आहेत ती माणसे अजून घरात आहेत, तोवर त्यांच्याशेजारी बसा. आणि पुढच्या रविवारी त्यांतला एक फोटो खिशात घालून, जिथे कुणी जात नाही अशा एखाद्या जवळच्याच जागी त्यांना घेऊन जा.