आलमारी हलवण्याआधी खांदा बघा



शाळांच्या परीक्षा संपल्या की आपल्या घुग्घुसमध्ये बिऱ्हाडं हलायला लागतात. वेकोलिच्या बदलीमुळे कुणी माजरीला जातं, कुणी बल्लारपूरला. कुणी कंपनीचं क्वार्टर सोडून स्वतःच्या घरात येतं. दिवाण, फ्रीज, आलमारी लादलेला छोटा हत्ती गल्लीत उभा राहिला की आपल्या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "भाऊ, सांभाळून! ओरखडा नको पडायला." माझं म्हणणं असं की ही काळजी उलट्या क्रमाने चालते. आधी उचलणाऱ्याची पाठ, मग आपली आलमारी.

हे माझ्या मनचं नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात एक आहे अतिभारारोपण, म्हणजे झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं. दुसरा आहे अन्नपाननिरोध, म्हणजे वेळेवर खाऊपिऊ न देणं. पाठशाळेत हे शिकताना डोळ्यांसमोर बैलगाडी यायची. आज आपल्या दारात बैल नाही, हमाल आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्या भागात हळद-तूप लावून बैलाची खांद शेकतात. वर्षभर ओझं ओढणाऱ्या खांद्याचा तेवढा मान ठेवणारे आपण, तिसऱ्या मजल्यावर आलमारी चढवणाऱ्या माणसाच्या खांद्याकडे बघतो का?

हिशेब करून बघा. मोठी लोखंडी आलमारी रिकामी असली तरी वजन शंभर किलोच्या आसपास जातं. दोघांनी उचलली तर प्रत्येकी पन्नास किलो, तेही सपाट जमिनीवर. जिन्यात आलमारी तिरपी झाली की खालच्या माणसावर निम्म्याहून जास्त भार येतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली होती. आपल्या महाराष्ट्रात तर १९६९ पासून माथाडी-हमालांसाठी वेगळा कायदा आहे. पण आपल्या जिन्यात आलमारी अडकते तेव्हा तिथे ना कायदा असतो ना अधिकारी. तिथे असते घरची बाई, म्हणजे आपण.

आणि तिथेच आपण घासाघीस करतो. "चार माणसं कशाला? दोघांत होतं की!" वाचलेले ते पैसे म्हणजे दुसऱ्याच्या कमरेतून काढलेले पैसे. कुणी म्हणेल, "त्यांना सवय असते, आणि कामही तेच मागतात." खरं आहे, गरज असली की माणूस नाही म्हणत नाही. म्हणूनच अतिचार लादणाऱ्याला लागतो, उचलणाऱ्याला नाही. काम जरूर द्या, पण जड वस्तूला चार माणसं लावा आणि चौघांची मजुरी आधीच ठरवा.

आता घरातल्या तयारीबद्दल. हे सगळं आपल्या हातात आहे.

आलमारी पूर्ण रिकामी करा. "साड्याच तर आहेत" म्हणून आत ठेवलेल्या कपड्यांचंही वजन बरंच होतं. लॉकरमधलं काढा, खण वेगळे न्या, दारं कुलूप लावून वरून दोरीने बांधा. जिन्यात दार उघडलं की तोल गेलाच म्हणून समजा.

आदल्या दिवशी टेप घेऊन वस्तूची, नव्या घराच्या दाराची आणि जिन्याच्या वळणाची मापं घ्या. ओझं खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला "थांबा, बघते" म्हणणं हीसुद्धा हिंसाच.

पलंग खोलूनच न्या. स्क्रू पिशवीत भरून ती त्याच फळीला बांधा. आरसे आणि काचा वेगळ्या काढून गोधडीत गुंडाळा. फरशीवरून सरकवायचं असेल तर खाली गोणपाट घाला. उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यात बसून उचलायचं. जिन्यात एकानेच सूचना द्यायच्या. मुलांना त्या वेळी शेजारी पाठवा.

गाडीत जड सामान केबिनच्या बाजूला, उभं आणि घट्ट बांधलेलं हवं. सामानाबरोबर मागे कुणालाही बसवू नका. फ्रीज उभाच न्या. आडवा न्यावाच लागला तर पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच सुरू करा. नव्या घरी आलमारी डुगडुगत असेल तर पायाखाली पाचर द्या आणि भिंतीला पट्टीने कसून घ्या. लहान मूल खणाला लोंबकळलं तर उंच आलमारी त्याच्या अंगावर येऊ शकते.

वेळही महत्त्वाची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. म्हणून सूर्योदयाला सुरुवात करून अकराच्या आत जड सामान आटपा. अंधारात नको, कारण जीवजंतू दिसत नाहीत. आलमारीमागे, पलंगाच्या सांध्यांत कोळी असतो, मुंग्या असतात. हलवण्याआधी मऊ झाडणीने हलकेच झाडून त्यांना सावलीत, आडबाजूला सोडा. वस्तू बघून उचलणं आणि बघून ठेवणं याला आपल्याकडे आदान-निक्षेपण समिती म्हणतात. मुनी ती पिंछी-कमंडलूसाठी पाळतात. आपली आलमारी तर कितीतरी मोठी, तिच्याखाली चिरडणारे जीवही जास्त. आणि माणसांसाठी गाळलेलं पाणी, लिंबू-सरबत, पोहे तयार ठेवा. मागायची वेळ येऊ देऊ नका.

शेवटचं थोडं परिग्रहाबद्दल. २६ ऑगस्ट २०२२ ला आपल्याच गावात, अमराई वॉर्डात, जुन्या कोळसा खाणीवरची जमीन खचली आणि एक अख्खं घर आत गेलं. माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांनाही घरं सोडावी लागली. अशा वेळी माणसं, औषधं आणि कागदपत्रांची पिशवी एवढंच घेऊन निघायचं. दिवाणासाठी मागे फिरायचं नाही. जीव आणि वस्तू यांतला फरक त्या दिवशी सगळ्या गावाला कळला होता. साध्या, ठरवून केलेल्या स्थलांतरातही तो कळायला हवा.

म्हणून हमाल बोलावण्याआधी एकदा घरातून फिरा. जे पाच वर्षांत उघडलं नाही, ते खरंच चौघांच्या खांद्यावरून न्यायचं आहे का? नसेल तर इथेच कुणा गरजू घराला द्या. जे न्यायचंच आहे, त्याला चौथा माणूस लावा.